भूत कोणत्या भाषेत बोलते?

मराठी समीक्षेने भयकथेला ओसरीवर बसू दिले, माजघरात मात्र कधी घेतले नाही. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांची पुस्तके वाचनालयातून फाटेस्तोवर वाचली गेली. पण एम.ए.च्या अभ्यासक्रमात आम्हांला त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्या लागल्याचे मला आठवत नाही. भरताने मात्र नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानकाला मानाने जागा दिली आहे. तेव्हा या विषयावर लिहिताना शाळेच्या मुख्याध्यापकाने संकोच करण्याचे कारण नाही. दिवाळी अंकात भुते कशाला, असे कोणी विचारील तर नरकचतुर्दशी याच सणात येते, एवढेच सांगतो.

निमित्त साधे आहे. आमच्या दहावीच्या वर्गातल्या मुलामुलींमध्ये गेल्या काही वर्षांत 'छोरी' या हिंदी भयपटाची चर्चा वारंवार कानावर येते. बहुतेकांनी तो घरी, मोबाइलवर पाहिलेला. ही कथा आधी मराठीत 'लपाछपी' या नावाने येऊन गेली आहे, असे सांगितले तेव्हा वर्गातल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आपली परिस्थिती १९५६ पासून आहे तीच आहे. चुलीपाशी मराठी आणि फळ्यावर हिंदी. मराठी चित्रपट पाहायचा तर बहुधा सीमा ओलांडून नागपूर गाठावे लागते. मीही 'लपाछपी' तिथेच पाहिला. हिंदी चित्रपट मात्र आपणहून घरात येतो. म्हणजे आपलीच गोष्ट आपल्या मुलांना दुसऱ्या भाषेतून, दुसऱ्या मुलखाची म्हणून भेटते. असे होताना गोष्टीचे काय होते, हे तपासण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम जपानपर्यंत जावे लागेल. कारण एकाच भुताला वेगवेगळ्या भाषांत बोलायला लावण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तिथल्या भुतांवर झाला आहे.

कोजी सुझुकी यांची 'रिंग' ही कादंबरी १९९१ साली आली आणि तिच्यावर हिदेओ नाकाता यांनी केलेला चित्रपट १९९८ साली. एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा सात दिवसांनी मरतो. एक स्त्री पत्रकार या प्रकरणाच्या मागे लागते आणि शोध घेत एका विहिरीपर्यंत पोहोचते. त्या विहिरीत सादाको नावाच्या मुलीला ढकलून दिलेले असते. सादाकोच्या आईला अतींद्रिय शक्ती असते, त्या शक्तीच्या जाहीर प्रयोगात पत्रकार तिला भोंदू ठरवतात आणि शेवटी ती ज्वालामुखीत उडी घेते. केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या वस्त्रातली सादाको दूरदर्शन संचाच्या काचेतून बाहेर येते, तो प्रसंग आता जगभर ठाऊक झाला आहे.

जपानी प्रेक्षकाला ही विहीर नवी नव्हती. त्यांच्याकडे ओकिकु नावाच्या दासीची जुनी गोष्ट आहे. मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो आणि तिला विहिरीत टाकले जाते. मग रोज रात्री विहिरीतून थाळ्या मोजल्याचा आवाज येतो, आणि तो नवावर थांबतो. हिमेजीच्या किल्ल्यात तिची म्हणून एक विहीर आजही दाखवतात. ओइवाची गोष्ट अशीच आहे. नवऱ्याने घात केलेल्या या स्त्रीवरचे नाटक १८२५ साली काबुकी रंगभूमीवर आले. जपानी भाषेत अशा भुताला ओन्र्यो म्हणतात. अन्याय होऊन मेलेला आणि तो अन्याय न विसरलेला आत्मा, असा त्याचा अर्थ.

हे वाचताना मराठी माणसाला काही परके वाटते का? मला तरी वाटले नाही. आपल्याकडे बाळंतपणात मेलेली ती अळवंतीण. हडळ आणि जखीण यांच्या गोष्टीही खणत गेले की तळाशी बहुधा एखादी सून सापडते. 'तिने विहीर जवळ केली' हा वाक्प्रचार मराठीत आहे, यातच सारे आले. हा शब्द वापरताना कोणी थरथरत नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. जवळ करण्यासारखे दुसरे कोणी नव्हते म्हणून विहीर जवळ केली, असा त्याचा उघड अर्थ. पाण्यावर साती आसरा असतात असे सांगून आपल्या आजीने आपल्याला काठापासून दूर ठेवले. त्या भीतीखाली एखाद्या खरोखरच्या बाईची आठवण असे, हे मोठे झाल्यावर कळते.

सारांश, या परंपरेत भयानक रस करुणाच्या पायावर उभा असतो. पाया काढून घेतला तर वरचे बांधकाम उभे राहते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'रिंग'च्या पुढच्या भागांकडे पाहिले तर उत्तर मिळू लागते. मूळ चित्रपटाबरोबरच त्याचा दुसरा भागही, सुझुकींच्या पुढच्या कादंबरीवरून, त्याच दिवशी प्रदर्शित केला गेला होता. त्यात शापाचा विषाणूशास्त्रीय उलगडा होता. प्रेक्षकांनी तो नाकारला. तेव्हा निर्मात्यांनी तो भाग जणू झालाच नाही असे समजून १९९९ मध्ये नाकातांकडून नवा दुसरा भाग करवून घेतला! मग २००० मध्ये पूर्वकथा आली. यात सादाको जिवंत आहे, तरुण आहे, नाटकमंडळीत आहे आणि लोक तिला घाबरतात. हा भाग मला बाकी सर्व पुढच्या भागांहून सरस वाटतो, कारण त्यात भूत जवळजवळ नाही, माणूस आहे. पुढे २०१२ मध्ये त्रिमितीचा चष्मा लावून सादाको आली आणि २०१६ मध्ये तिची दुसऱ्या एका भुताशी कुस्ती लावण्यात आली. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अमेरिकेत गोर व्हर्बिन्स्की यांनी २००२ साली केलेला अवतार तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. नाओमी वॉट्स यांचा अभिनयही जाणता आहे. चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. सादाकोची तिथे समारा झाली. कथेचा सांगाडा तोच, विहीर तीच, शेवटचा धक्काही तोच. बदल झाला तो मुलीच्या स्वभावात. जपानी सादाकोच्या मागे अपमानित आई होती आणि तिला हिणवणारा सारा समाज होता. समारा ही दत्तक आलेली आणि घराला ग्रासणारी मुलगी आहे. तिच्या आईने तिला विहिरीत ढकलले यात जणू आईचाच नाइलाज होता, असा सूर लागतो. पंचवीस वर्षांमागचा चित्रपट आहे, तेव्हा एक गोष्ट सांगायला हरकत नाही. दोन्हींमध्ये हाडे शोधून काढली, मायेने जवळ घेतली, तरी शाप थांबत नाही. जपानी चित्रपटात याचा अर्थ असा लागतो की एका व्यक्तीच्या मायेने सगळ्यांचे पाप फिटत नाही. अमेरिकी चित्रपटात अर्थ असा लागतो की ही मुलगी मुळातच वाईट आहे, तिला मदत करायलाच नको होती. भाषा बदलली आणि आरोपी बदलला.

याहून आपल्या विषयाला जवळचे उदाहरण ताकाशी शिमिझु यांचे आहे. नवऱ्याने संशयावरून मारलेली कायाको आणि तिचा लहान मुलगा तोशिओ यांची 'जु-ऑन' ही मालिका त्यांनी २००० साली व्हिडिओपटांपासून सुरू केली. पुढे ती मोठ्या पडद्यावर आली आणि २००४ मध्ये अमेरिकी पैशाने, इंग्रजीत, त्यांनी स्वतःच ती पुन्हा केली. घर टोकियोतलेच ठेवले, कायाकोची भूमिकाही त्याच अभिनेत्रीला, ताकाको फुजी यांना दिली. बदलली ती त्या घरात शिरणारी माणसे. ती आता अमेरिकी झाली, वाट चुकलेल्या पाहुण्यांसारखी. भीती थोडी वाढलीही असेल, परक्या शहरात वाटते तशी. पण शेजारच्या घरात काय चालते ते ठाऊक असून गप्प बसणाऱ्यांची भीती पाहुण्याला कुठून वाटणार?

आपल्याकडे शिमिझुंचे काम विशाल फुरिया यांनी केले. 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड, अनिल गवस हे त्यातले कलावंत. 'छोरी' नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आला. नुसरत भरुचा आणि मीता वसिष्ठ त्यात आहेत. दिग्दर्शक तोच. गंमत अशी की त्याचे चित्रीकरण आपल्या मध्य प्रदेशात झाले आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'छोरी २' आला.

मराठीतून हिंदीत जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) राज खोसलांनी 'मेरा साया' (१९६६) म्हणून केला, तेव्हाही नायकाचा ठाकूर झाला आणि मदनमोहन यांच्या संगीताने सारे झाकोळून टाकले. पण तिथे मुळात भूत नव्हतेच, भुताचा भास होता. रहस्य भाषांतर सोसते. भूत सोसते की नाही, ते पाहू.

दोन्ही चित्रपटांची कथा अशी. शहरातले जोडपे. बायको आठ महिन्यांची गरोदर, नवऱ्यावर कर्ज. घेणेकऱ्यांच्या धाकाने ते आपल्या ड्रायव्हरच्या गावी जातात. उसाच्या फडात एकटे घर, त्यात ड्रायव्हरची बायको. ती प्रेमाने करतेसवरते. आणि उसातून खेळणारी मुले दिसू लागतात. पुढचे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगत नाही. मुलगी जन्माला येऊ न देण्याच्या पापाशी कथेचा संबंध आहे, एवढे तर नावावरूनच कळते.

नावावरून कळते, ते 'छोरी'च्या. 'लपाछपी' या नावावरून काहीच कळत नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. मराठी नाव खेळाचे आहे, हिंदी नाव प्रश्नाचे. लपाछपीत एकावर राज्य येते, आपल्याकडे डाव येतो म्हणतात. बाकीचे लपतात आणि शोधणाऱ्याला सगळ्यांना शोधून काढल्यावाचून सुटका नसते. चित्रपट पाहून घरी आल्यावर हळूहळू लक्षात येते की उसात लपलेले कोण, आणि डाव कोणावर आहे. 'छोरी' म्हटल्याबरोबर प्रेक्षक निबंधाच्या मथळ्याशी येऊन बसतो. मुलांना निबंध लिहायला देणाऱ्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो.

दुसरा फरक घराचा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी घरात पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, मग आई घेऊन जाणार. डोक्याला तेल, गरम पाणी, आवडीचे खाणे, उन्हात जाऊ नको, तिन्हीसांजेला झाडाखाली उभी राहू नको. 'लपाछपी'तली नेहा या दिवसांत माहेरी नाही, परक्याच्या घरी आहे. आणि उषा नाईक यांची तुळसाबाई तिला नेमके हेच सगळे देते. नेहा सुखावते, कारण कुठल्याही मराठी मुलीला त्या महिन्यात हवे असते ते तिला मिळते आहे. भीती माहेरपणाचे सोंग घेऊन आली आहे. तुळसाबाईने पुढे केलेल्या प्रत्येक ताटाला, प्रत्येक ताकिदीला दोन अर्थ आहेत. उषा नाईक यांनी तमाशापटांपासूनची आपली सारी पुण्याई या भूमिकेत ओतली आहे. आवाज न चढवता त्या माया आणि दरारा दोन्ही दाखवतात. गावातली अशी एक तरी मावशी आपल्या ओळखीची असते, आणि म्हणूनच पाठीतून कळ जाते.

मीता वसिष्ठ यांची भन्नोदेवी कमी प्रतीची नाही. हरियाणवी वळणाच्या त्या बोलीवर त्यांची हुकमत आहे, आणि त्यांच्या डोळ्यांना पडदा अपुरा पडतो. पण ही बाई पहिल्या दृश्यापासून करडी आहे. उत्तरेत पुष्कळ ठिकाणी बाळंतपण सासरीच होते, त्यामुळे परक्या घरातल्या म्हाताऱ्या बाईविषयी प्रेक्षक आधीच सावध असतो. माहेरचे सोंग तिथे लागू पडत नाही. मग दिग्दर्शकाला दुसरी साधने आणावी लागतात: मोठे आवाज, धूर, अंधार, उसाच्या भूलभुलैयाची वरून घेतलेली दृश्ये. ती चांगली जमली आहेत. पैसा आणि सफाई हिंदीत अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण 'लपाछपी'त भरदुपारी भीती वाटते. उन्हातले भूत दाखवणे फार कठीण, आणि ते मराठीत साधले आहे.

नेहा आणि तुळसाबाई यांच्या बोलण्यातले अंतर हाही एक मुद्दा आहे. एकीची शहरी मराठी, दुसरीची गावरान. तरी भाषा एकच, आणि एक भाषा असल्यामुळे नेहाला विश्वास ठेवावासा वाटतो. साक्षीची हिंदी आणि भन्नोची बोली यांच्यात मात्र एवढी दरी आहे की शहर विरुद्ध गाव, शिकलेले विरुद्ध अडाणी, अशी सोपी मांडणी आपोआप होते. प्रेक्षक बिनधास्त शहराच्या बाजूला बसतो.

आणि इथेच माझा खरा आक्षेप आहे. समाराच्या बाबतीत जे झाले तेच थोड्या निराळ्या रीतीने इथे झाले. आरोपी लांब गेला. 'छोरी' हे नाव, ती बोली, ते घुंघट पाहून आपल्याकडचा माणूस म्हणतो, हे तिकडचे, हरियाणा-राजस्थानचे. आपल्या घरात पोट्टी म्हणतात, छोरी नाही. आकडे काय म्हणतात? ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या हरियाणात २००१ मध्ये ८१९ होती, २०११ मध्ये ८३४ झाली. फार वाईट, पण सुधारलेली. महाराष्ट्रात ती ९१३ वरून ८९४ वर घसरली. आपल्या मध्य प्रदेशात ९३२ वरून ९१८ वर. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. कायदा पहिला, तरी ही घसरण. मराठी बोलणारी तुळसाबाई म्हणूनच मला अधिक खरी वाटते. ती आपल्या भाषेत बोलत असल्यामुळे प्रेक्षकाला बोट दाखवायला दुसरा प्रांत सापडत नाही.

दोष 'लपाछपी'तही आहेत. उत्तरार्धात उलगड्याची घाई होते, एकाच प्रकारचा दचका दोनतीनदा येतो, आणि शेवटाकडे संवाद भाषणाच्या वळणावर जातात. 'छोरी'त हे भाषण अधिक लांबते. संदेशाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण उसातल्या मुलांनी जे न बोलता सांगितले, ते नायिकेने पुन्हा बोलून सांगितले की करुण रस पातळ होतो. दुसऱ्या बाजूने हेही खरे की 'छोरी' जितक्या घरांत पोहोचला तितक्या घरांत 'लपाछपी' कधीच पोहोचला नसता. आमच्या शाळेतल्या ज्या मुली त्या चित्रपटाविषयी मधल्या सुट्टीत तावातावाने बोलतात, त्यांना तो हिंदीमुळेच मिळाला. दुभाषी मुलखात राहणाऱ्याने हे विसरू नये. मुंज्याची आपली कोकणी गोष्टसुद्धा २०२४ मध्ये हिंदीतूनच देशभर गेली, आणि लोकांना ती हसवून गेली.

'छोरी २'विषयी थोडक्यात. सात वर्षांनंतरची कथा आहे. साक्षीच्या मुलीला सूर्यप्रकाश सोसत नाही, तिला पळवून जमिनीखालच्या भुयारांत नेले जाते. सोहा अली खान यांची दासी माँ आणि आपल्या गश्मीर महाजनी यांचा पोलीस अधिकारी या नव्या भूमिका. बालविवाहाचा प्रश्न हाती घेतला आहे. कल्पना चांगली, पण चित्रपट भयानकाकडून अद्भुताकडे आणि तिथून बीभत्साकडे घसरतो. पहिल्या चित्रपटातले दुष्कृत्य माणसांचे होते, भूत त्याची आठवण करून देई. इथे भुयारात राहणारी एक अमानवी शक्तीच दुष्कृत्य करते, आणि माणसे तिची चाकर होतात. म्हणजे पुन्हा आरोपी सुटला. नाकातांना २००५ मध्ये अमेरिकेने बोलावून 'रिंग'चा दुसरा भाग करवला, तेव्हा त्यांचेही असेच झाले होते. आपलेच भूत दुसऱ्याच्या घरी दुसऱ्यांदा नाचवायचे म्हणजे नवीन काही तरी दाखवावे लागते, आणि भुताला नवेपणा मानवत नाही.

आपल्या भागावर कोणी असा चित्रपट करील का, असे एका सहकाऱ्याने विचारले. इथे उसाऐवजी संत्र्याचे बगीचे आणि पऱ्हाटी आहे, एवढेच. गोष्ट मात्र तयार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिची आख्यायिका सर्वांना पाठ आहे: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पळून जाताना दोघे नदीत अडकले, दोन्ही काठांवरून दगड आले. मी ही कथा अनेकांच्या तोंडून ऐकली, पण एकाही पाठात त्या मुलीला नाव नाही. जपानी माणसाने तिला केव्हाच पाण्यातून वर आणले असते, केस मोकळे सोडून, दगड मोजत. आपण तिच्यासाठी पळसाचे झाड रोवतो, आणि कोण जिंकले ते विचारतो. हा चित्रपट कोणी केलाच तर तिला आपल्या या अर्ध्या वऱ्हाडी, अर्ध्या हिंदी बोलीत बोलू द्यावे. दोन्ही काठांना समजेल अशी तीच एक भाषा आहे.

तोवर वाचकांनी आधी 'लपाछपी' पाहावा, शक्य तर घरातल्या सासूसुनांनी एकत्र बसून, आणि दुपारी. मग 'छोरी' मीता वसिष्ठांसाठी. जपानी 'रिंग' आणि त्याची २००० सालची पूर्वकथा मिळाल्यास सोडू नये; अक्षरे वाचत पाहावे लागते, पण संवाद थोडे आहेत. 'छोरी २' राहून गेला तरी चालेल.